काकडीत काय काय आहे?

मोघेकाका लग्नाला गेले की आधी नवरा-नवरीला भेटत नाहीत, आचाऱ्याला भेटतात. स्टेजवर फोटो चाललेले असतात, बायका एकमेकींच्या साड्या न्याहाळत असतात, आणि हे गृहस्थ मांडवाच्या मागे, मोठमोठ्या कढया तापत असतात तिथे, हात मागे बांधून उभे.

"भैया, ये हरी चटणी में क्या-क्या है?"

"धनिया, मिर्ची, नींबू, नमक. बस, बाबूजी."

"बस? अब शुरू से फिर बोलो."

आचारी इकडेतिकडे बघतो. पण समोर पांढरेशुभ्र कपडे, जाड भिंगांचा चष्मा आणि सरकारी आवाज. फूड इन्स्पेक्टर असला तर काय घ्या! तो बिचारा पाढे म्हटल्यासारखं परत म्हणतो, "धनिया, मिर्ची, नींबू, नमक... और थोड़े सिके दाने पीस के डाल दिए, बाबूजी. गाढ़ी अच्छी होती है."

"बरोबर," काका मान हलवतात. "लाइन क्लिअर नाही."

एवढी उलटतपासणी केल्यावर माणसानं ती चटणी टाळावी की नाही? छे! मोघेकाका ताट घेतात, तीच चटणी भरपूर वाढून घेतात आणि बोटं चाटत खातात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी येताना नवऱ्याला म्हटलं, "रिटायर झाल्यावर तुम्ही असलं काही करणार असाल तर आत्ताच सांगा. मी माहेरी जाईन."

आमची कॉलनी उज्जैनच्या नानाखेड्याला, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या सासरचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी दफ्तर सांभाळायला म्हणून इकडे आले आणि परत जायचं विसरले. मोघेकाका आले ते नोकरीमुळे. रेल्वेत स्टेशनमास्तर होते. आसपासच्या लहानसहान स्टेशनांवर उमेदीची वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं.

त्या लहान स्टेशनांवर पद्धत अशी होती, म्हणे, की पुढचा स्टेशनमास्तर फोनवर परवानगी देईपर्यंत इकडून गाडी सोडायची नाही. आणि नुसतं "हो" चालायचं नाही. एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचं. मग लाइन क्लिअर. "माणूस हो कशालाही म्हणतो," काका सांगतात, "परत म्हणायला लावलं की पोटातलं बाहेर येतं."

काकूंचं यावर वेगळं मत आहे. "भाजी आणा म्हटलं तरी परत म्हणून दाखवतात. मेथी, कोथिंबीर, आलं. बरोबर? बरोबर. आणि येताना आलं विसरतात."

आता हे दाण्यांचं प्रकरण काय, ते सांगते.

काकांची मुलगी मंजिरी पुण्याला असते. तिची मुलगी रेवा. ही रेवा दर उन्हाळ्यात आजोळी यायची आणि मधूनच तिच्या अंगावर लाल गांधी उठायच्या, ओठांना खाज सुटायची. आमच्या कॉलनीत निदान करणाऱ्यांची कमी नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, उष्णता. समोरच्या पांडेभाभी म्हणाल्या, नजर लगी है. काकू म्हणाल्या, पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी लावून मोकळ्या झाल्या. थोड्या वेळानं गांधी आपोआप बसायच्या, त्यामुळे तिन्ही वैद्य खूश. कुणाला डॉक्टर आठवला नाही.

रेवा पाच वर्षांची असताना एका एकादशीला मात्र गांधी बसल्या नाहीत. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली, आणि पोर श्वासासाठी धडपडायला लागली. पांडेजींची गाडी होती म्हणून बरं, पण ती गल्लीत आत तोंड करून उभी. ती रिव्हर्स घेता घेता मागे एक गाय आली. मंजिरीच्या मांडीवर निळी पडत चाललेली ती पोर आणि हलायला तयार नसलेली ती गाय, हे दोन्ही मला आजही आठवतं. हॉस्पिटलमध्ये मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि रेवाचा श्वास मोकळा झाला. मग डॉक्टरांनी विचारलं, शेंगदाणे खाल्ले होते का?

"नाही हो," काकू रडत रडत म्हणाल्या, "एक दाणासुद्धा नाही. खिचडी आवडत नाही तिला. नुसती काकडी खाल्ली."

"काकडीत काय काय होतं?"

"काही नाही. मीठ, साखर, लिंबू, मिरची."

डॉक्टर होते मालव्यातले, पण शिकले होते नागपूरला. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि कूट?"

"कूट तर असणारच ना!" काकू म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवून खालीच बसल्या.

यात काकूंना कुणी हसू नये. आपल्याकडे कूट म्हणजे दाणे असं कुणाच्या मनातच येत नाही. दाणे म्हणजे खारे, भाजलेले, पुडीतले. कूट हे मिठाच्या शेजारच्या डब्यात राहतं आणि न विचारता सगळ्यात पडतं. कोशिंबिरीत, वांग्यात, भेंडीत, उपासाच्या प्रत्येक पदार्थात. माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं असतं की कूट न घालता काकडी करा, तर त्यांनी विचारलं असतं, मग ती खायची कशाला?

पुढे पुण्याला तपासण्या होऊन ते पक्कं झालं. शेंगदाणा रेवाला विष. आणि तेव्हापासून मंजिरीनं रेवाला उज्जैनला ठेवलं नाही. यायची, स्वतःचा डबा घेऊन, आणि दोन दिवसांत परत. तिचं चूक तरी काय? आमच्या गावात माणूस रामराम नंतर करतो, आधी हातावर काहीतरी ठेवतो. देवळातून येणारा प्रसाद, कुणाच्या नवसाचा भंडारा, रिक्षावाल्याच्या मुलाच्या वाढदिवसाचा पेढा. नाही म्हणायची सोयच नाही. "मुझे एलर्जी है" म्हटलं तर उत्तर येतं, "अरे, ज़रा-से में कुछ नी होता."

काकांना फक्त एवढंच हवं होतं की एक उन्हाळा रेवानं पूर्वीसारखं त्यांच्याकडे राहावं. आणि त्यासाठी उज्जैन शहर सुधारायचं त्यांनी ठरवलं.

सुरुवात घरापासून. दाणे हद्दपार, तेल बदललं, मिक्सरची भांडी नवी, जुना पोळपाटसुद्धा गेला. काकू खिचडीत खोबरं घालायला लागल्या. पहिल्या दिवशी काकांनी ती संपवली आणि संध्याकाळी टॉवर चौकात जाऊन खारे दाणे खाऊन आले. घरात बंदी आणि बाहेर मिळेल तेवढं, असा त्यांचा कायदा. आल्यावर साबणानं हात धुवायचे, चूळ भरायची, शर्ट बदलायचा. मंजिरी येणार असली की आठवडाभर आधीपासून तेही बंद.

मग कॉलनी. रोज एका घरी जाऊन चहा घ्यायचा आणि विचारायचं, "काकडीत काय काय आहे?" आपण "काही नाही" म्हटलं की फसलोच. परत म्हणायला लावणार आणि कूट बाहेर काढणार. कोपऱ्यावर गजूभैयाची पोह्यांची गाडी आहे. त्याच्याशी तर काकांचं युद्धच झालं.

"बाबूजी, दाने ऊपर से डलते हैं, अंदर नी हैं. ये देखो, चम्मच से निकाल दिए. अब खिला दो बच्ची को."

"निकालने से नहीं होता, गजू. चम्मच वही, परात वही, हाथ वही."

"तो के रिये हो कि मैं हाथ भी बदलूँ?"

एवढ्यावर न थांबता काकांनी मॉक ड्रिल काढलं. रेल्वेत अपघाताची तालीम होते तशी. एका रविवारी सकाळी आजारी माणूस म्हणून मला आमच्या तख्तावर झोपवलं आणि घोगरं खोकायला सांगितलं. मग कोणी काय करायचं याची तालीम. इंजेक्शन कोण देणार, अँब्युलन्सला फोन कोण करणार, पांडेजी गाडी कुठून काढणार. "सिरप पाजून वाट बघत बसायचं नाही! पाणी पाजायचं नाही! उठवून चालवायचं नाही! आधी इंजेक्शन, मग हॉस्पिटल!" काका ओरडत होते. सासूबाईंनी सवयीनं माझ्या तोंडात कांद्याचा रस पिळला. मी खरंच खोकले, आणि काका म्हणाले, "वा, असं पाहिजे."

इंजेक्शन द्यायला काका डॉक्टरांकडे जाऊन शिकून आले. रिकाम्या सिरिंजनं दुधीभोपळ्यावर सराव करायचे. काकूंनी तो दुधी शिजवायला साफ नकार दिला. शेवटी गायीला घातला. ती तीच गाय होती की नाही ते मला माहीत नाही.

या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की कॉलनीत ॲलर्जीची टूम निघाली. पांडेजींना दूध पिऊन पोट फुगतं, ते म्हणाले मला दुधाची ॲलर्जी आहे. माझ्या नवऱ्याला कारल्याची झाली. मोघेकाका भडकले. "दूध पचत नाही ती ॲलर्जी नव्हे, पांडेजी. ती नुसती लेट गाडी. पोहोचते, पण कुरकुरत. रेवाची म्हणजे अपघात, एका दाण्यात. दोन्हीला एक नाव देऊ नका, नाहीतर उद्या तिचं ऐकून लोक म्हणतील, अरे, पांडेजी को भी है, वो तो ज़िंदा हैं." कारल्याबद्दल त्यांनी माझ्या नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. आणि कुणाला खरंच काही होत असेल तर एकच उत्तर, "डॉक्टरकडे जा. मी स्टेशनमास्तर आहे."

गेल्या चैत्रात मंजिरी आली ती चार दिवस राहायचं ठरवून. रेवा आता आठ वर्षांची, उंच आणि भलतीच बडबडी. नेमकं माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मी मंजिरीला म्हटलं, "घेऊन ये तिला. डाळ आणि पन्हं, दुसरं काही करत नाही." आदल्या दिवशी काका स्वयंपाकघर तपासायला आले. तीन डबे उघडायला लावले, हरभऱ्याच्या डाळीचं पाकीट भिंगातून वाचलं, कैरीचासुद्धा वास घेतला.

"काका, कैरीत काय असणार?" मी म्हटलं.

"सुरी कुठली वापरणार?"

सुरी नवी आणली. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

हळदीकुंकू बायकांचं, त्यामुळे काकांना आत प्रवेश नव्हता. ते बाहेर पांडेजींच्या गाडीपाशी उभे. गाडी सकाळपासूनच फाटकाकडे तोंड करून लावलेली आणि किल्ली काकांच्या मुठीत.

आत सगळं छान चाललं होतं. कॉलनीतल्या बायका तर तयारीच्याच होत्या. पण माझी देवासची मावससासू आली, न कळवता, आणि पिशवीतून लाडवांचा डबा काढला. मी तेव्हा पन्ह्याचे पेले भरत होते. मागे वळून बघते तर मावशींनी लाडू थेट रेवाच्या हातावर ठेवलेला.

"खा बाळा. देवीला दाखवून आणलेत. प्रसादानं काही होत नाही."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला मंजिरी ताडकन उठली. तिचा हात पर्समधल्या इंजेक्शनकडे गेला. मधे बायकांची गर्दी. माझ्या हातातला जग तसाच राहिला.

रेवानं लाडू तोंडाकडे नेला नाही. हात लांब धरून तिनं विचारलं, "आजी, यात काय काय आहे?"

"कणीक, तूप, साखर, वेलची. बस."

"आता पहिल्यापासून परत सांगा ना."

बायका हसल्या. मावशींनाही गंमत वाटली. त्या हात नाचवत सांगायला लागल्या, "कणीक घेतली, खमंग भाजली, तूप सोडलं, साखर घातली, वेलची कुटली, आणि वळले जावेत म्हणून मूठभर कूट..."

पांडेभाभींना मराठी फारसं येत नाही, पण कूट हा शब्द आता त्यांनाही येतो. त्यांनी "हे भगवान" म्हणून कपाळाला हात लावला.

"मला शेंगदाणे चालत नाहीत, आजी. कूटपण नाही," रेवा म्हणाली, लाडू परत डब्यात ठेवला, आणि हात अंगापासून दूर धरून मोरीकडे हात धुवायला गेली. मंजिरी तिच्या मागे गेली. मावशी पार गळून खुर्चीत बसल्या. "अगं, कुणी सांगितलं नाही गं मला," असं त्या पुनःपुन्हा म्हणत राहिल्या, आणि सासूबाई त्यांना पन्हं पाजत राहिल्या.

मी बाहेर जाऊन काकांना सगळं सांगितलं. घाबरवायला नको म्हणून शेवट आधी सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"तिनं स्वतःहून विचारलं? कुणी खूण केली नव्हती?"

"नाही, काका."

"परत सांग," ते म्हणाले. मीही सांगितलं. मला तरी दुसरं काय काम होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंचं ताट परत करायला गेले तेव्हा मंजिरीचं बोलणं चाललेलं. "बाबा, मी उद्या निघते. रेवा इथेच राहील, सुट्टी संपेपर्यंत. औषधं आणि इंजेक्शनं ठेवून जाते."

मला वाटलं काका आता उडीच मारतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"नको," ते म्हणाले. "तूही राहा."

"अहो, इतकी वर्षं हेच मागत होता ना?" काकू ओरडल्या. "सगळी कॉलनी वेठीला धरलीत! त्या बिचाऱ्या गजूची पोह्यांची परात बदलायला लावलीत!"

काका तख्ताच्या कडेला बसले. मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. ते मंजिरीकडे न बघता बोलायला लागले.

"त्या एकादशीला काकडी मी भरवली होती. ती नको म्हणत होती. म्हणाली, आजोबा, तोंडात टोचतंय. मला वाटलं मिरची लागली. मी म्हटलं, एक घास आजोबांसाठी. तिनं सांगितलं होतं, मंजू. मी ऐकलं नाही. नुसता आग्रह केला. तेव्हापासून मी तिला हातानं काही भरवलेलं नाही. तू असतेस तेव्हा बरं असतं. एकट्याच्या भरवशावर मला भीती वाटते."

लग्नात आचाऱ्यांना दरडावणारा, दुधीला इंजेक्शनं देणारा हा माणूस, आणि इतकी वर्षं हे एकट्यानं पोटात घेऊन हिंडत होता. काकूंनासुद्धा माहीत नव्हतं. त्या हातातला टॉवेल उगीचच घडी करत होत्या.

मंजिरी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मला माहीत आहे, बाबा. रेवानं तेव्हाच सांगितलं होतं, हॉस्पिटलमध्ये."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मलाच कुठे माहीत होतं तेव्हा? मीपण भरवलाच असता."

रेवा आतून आली. "भूक लागली" म्हणून जाहीर करून पाटावर बसली. काकूंनी पान वाढलं, वरणभात आणि लिंबाची फोड. मग काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भरवा."

काका हात धुऊन आले. पाटाशी बसले आणि भात कालवायला लागले. कालवतच राहिले. घास केला, मोडला, परत केला. हात काही वर येईना.

"आजोबा, मी मोठी झालेय, मला येतं जेवता," रेवा म्हणाली. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पुढे वाकली, आणि त्यांच्या हातातला घास पानावरूनच तोंडानं उचलला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. तिनं तो नीट चावून खाल्ला, गिळला.

"तूप कमी आहे," ती म्हणाली.

काका तूप आणायला म्हणून उठले. स्वयंपाकघरातून ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तुपाची वाटी पानाशेजारीच होती, पण काकूंनी त्यांना हाक मारली नाही.